आधी विचारा, मग धीर द्या

आपल्या जिल्ह्यात एखाद्याला कॅन्सर झाला की घरची माणसे तो शब्द सहसा उच्चारत नाहीत. ‘त्यांना टाटाला नेले होते’, ‘बार्शीला दाखवले’, ‘गाठीचे निघाले’, ‘मोठा आजार आहे’ असे म्हणायचे आणि ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचे, अशी रीत पडली आहे. नाव टाळल्याने आजार टळत नाही, हे सर्वांनाच कळते. पण या रीतीमुळे आणखी एक गोष्ट घडते आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ज्याला आजार झाला त्याच्याशी त्या आजाराविषयी बोलणारे कुणी उरतच नाही. मग तो एकटाच विचार करत बसतो. ऐकीव गोष्टी, गावात पाहिलेले एखादे मरण, शेजारणीने सांगितलेला उपाय, कीर्तनात ऐकलेले कर्माचे दाखले या सगळ्यांतून तो स्वतःच्या आजाराविषयी काही समजुती बांधतो. पुष्कळदा आजाराइतक्याच या समजुती त्याला छळतात.

गाठीवर उपचार करण्यासाठी मोठे रुग्णालय लागते. समजुतीवर उपचार करण्यासाठी मात्र घरचे माणूस, गावातला डॉक्टर किंवा आशाताई पुरेशी असते. अट एकच. ती समजूत काय आहे, हे आधी विचारावे लागते. आपण नेमके तेच करत नाही. आपण थेट धीर द्यायला सुरुवात करतो. ‘काही होत नाही’, ‘घाबरू नका’, ‘मन घट्ट करा’ ही वाक्ये चांगल्या हेतूने बोललेली असतात, पण रुग्णाच्या मनातली खरी भीती वेगळीच असेल तर ती तिथपर्यंत पोचत नाहीत. पोटात दुखत असताना कपाळाला बाम चोळावा, तसे ते होते.

पाच प्रश्न

हॉवर्ड लेव्हेन्थाल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी १९८० पासून या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी केली आहे. त्यांच्या म्हणण्याचे सार असे, की कोणताही आजार झाला की माणूस, मग तो शिकलेला असो वा निरक्षर, मनाशी पाच प्रश्नांची उत्तरे शोधतो. हे नेमके काय आहे? कशाने झाले? किती दिवस चालणार? याचे परिणाम काय होणार? आणि हे काबूत येणार का? या पाच उत्तरांवर त्याची झोप, भूक, उपचार घेण्याची तयारी आणि मनाची उभारी बरीच अवलंबून असते. एकाच गावातल्या, एकाच प्रकारचा आणि एकाच टप्प्यावरचा कॅन्सर असलेल्या दोन माणसांपैकी एक जण हाय खाऊन अंथरुणाला खिळतो आणि दुसरा लाईट घेऊन आल्यावर मळ्यात चक्कर मारतो. या फरकाची कारणे अनेक असतात, पण या पाच उत्तरांचा त्यात मोठा वाटा असतो, असे मला इतक्या वर्षांच्या अनुभवाने वाटते. हे पाच प्रश्न आपल्या भागातल्या घराघरांत कोणते रूप घेतात, ते पाहू.

ताट वेगळे कशासाठी?

कॅन्सर म्हणजे आपल्याच शरीरातल्या पेशी ताळतंत्र सोडून वाढू लागणे. तो स्पर्शाने, उष्ट्याने, एका अंथरुणावर झोपल्याने किंवा रुग्णाची सेवा केल्याने दुसऱ्याला होत नाही. गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण होणारा एचपीव्ही किंवा यकृताच्या कॅन्सरला कारण होऊ शकणारा ‘हिपॅटायटिस बी’ हे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात आणि त्यांवर लसही आहे. पण विषाणू वेगळा आणि कॅन्सर वेगळा.

हे सांगूनही कितीतरी घरांत ताट-वाटी वेगळी निघते. बऱ्याचदा ती घरचे काढत नाहीत, रुग्णच काढतो. जिभेच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया आणि लाईट असे दोन्ही उपचार झालेले एक वयस्कर शेतकरी मला आठवतात. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. त्यांची सून काळजीने म्हणाली, ‘आबा आमच्यात जेवतच नाहीत. ओट्यावर एकटे बसतात. कुणाशी बोलत नाहीत.’ तोंडाची चव गेली असेल, गिळायला त्रास होत असेल, असे घरच्यांनी धरून चालले होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारले, तेव्हा ते हळूच म्हणाले, ‘धाकटा नातू माझ्या ताटात हात घालतो. त्याला लागलं म्हंजी?’ तो माणूस आठ महिने या एका शंकेपायी पंगतीबाहेर बसला होता. शंका फिटायला पाच मिनिटे लागली. त्या आठ महिन्यांत त्यांना ‘घाबरू नका’ असे किमान शंभर जणांनी सांगितले असेल.

यंत्राने बाहेरून लाईट दिलेल्या रुग्णाच्या अंगात किरण शिल्लक राहत नाहीत, हेही इथेच सांगतो. नातवंडांना खुशाल मांडीवर घ्यावे. थायरॉईडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीनचे औषध देतात तेव्हा काही दिवस अंतर पाळावे लागते, पण ते डॉक्टर आधीच बजावून सांगतात.

मलाच का?

दुसरा प्रश्न कारणाचा, आणि सर्वांत जास्त जाळणारा हाच. अलाहाबादच्या नीना कोहली आणि अजित दलाल या मानसशास्त्रज्ञांनी गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या स्त्रियांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. आजाराचे कारण म्हणून दैव, ईश्वराची इच्छा आणि कर्म यांकडे या स्त्रिया प्रामुख्याने बोट दाखवत होत्या. आपल्याकडे वेगळे चित्र नाही. ‘मागच्या जन्मीचे भोग’, ‘कुणाची तरी नजर लागली’, ‘सासऱ्यांचा नवस फेडायचा राहिला’ ही उत्तरे मी नेहमी ऐकतो.

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. ‘देवाची इच्छा’ हे एकच शब्द दोन माणसांच्या तोंडी अगदी वेगळा अर्थ घेतात. एक आजी म्हणते, ‘देवाने दिलंय, तोच पार पाडील,’ आणि शांत झोपते. दुसरी म्हणते, ‘देवाने मला शिक्षा दिली,’ आणि रात्रभर छताकडे पाहत पडते. पहिलीचा विश्वास तिला आधार देतो, त्याला धक्का लावण्याचा मला काहीच अधिकार नाही. तिने मोहट्याच्या देवीला जाऊन यावे, साईबाबांची उदी लावावी, फक्त केमोची तारीख चुकवू नये. दुसरीच्या मनातल्या शिक्षेच्या कल्पनेशी मात्र बोलले पाहिजे. कॅन्सर लहान मुलांनाही होतो. त्यांनी कोणते पाप केलेले असते? साध्यासुध्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा माणसांनाही तो होतो. हे शांतपणे कुणी सांगितले, तर मनावरचे ओझे थोडे हलके होते.

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये याच ओझ्याला लाजेची जोड मिळते. या आजाराला कारण होणारा विषाणू शरीरसंबंधातून येतो, असे अर्धवट ऐकले की बाईला वाटते, लोक माझ्या चारित्र्याविषयी बोलतील. हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो. लग्नाच्या नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध न आलेल्या बाईलाही त्याची लागण होते, आणि बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघूनही जातो. हा चारित्र्याचा दाखला नव्हे. ही गोष्ट नवऱ्याच्या समोर सांगितली जावी, असा माझा आग्रह असतो, कारण पुष्कळदा बाई गप्प असते ती त्याच्याच धाकाने.

आता तंबाखूविषयी. तोंडाच्या कॅन्सरशी तंबाखूचा संबंध परदेशी पाहणीतूनच नव्हे, तर आपल्या मुंबईतूनही फार पूर्वी पुढे आला आहे. संघवी, राव आणि खानोलकर या संशोधकांचा त्याविषयीचा निबंध १९५५ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला होता. असे असूनही २०१५ च्या मार्चमध्ये, आपल्या नगरचे तत्कालीन खासदार कै. दिलीप गांधी संसदीय समितीचे अध्यक्ष असताना, तंबाखूने कॅन्सर होतो याला भारतीय संशोधनाचा आधार नाही, अशा आशयाचे बोलले होते आणि त्यावर देशभर वाद झाला होता. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह इशारा छापण्याचा नियम अखेर १ एप्रिल २०१६ पासून अमलात आला. निरोगी माणसाला तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांविषयी स्पष्ट, अगदी कडक शब्दांत सांगितलेच पाहिजे.

पण आजार झाल्यावर सूर बदलायला हवा. ‘सांगत होतो ना, खाऊ नको म्हणून!’ हे वाक्य भेटायला आलेला प्रत्येक पाहुणा ऐकवून जातो. त्याने काय साधते? रुग्णाला ते ठाऊकच असते, आणि बहुधा त्यानेच स्वतःला सर्वांत जास्त शिव्या दिलेल्या असतात. निदान झाल्यावरही तंबाखू सोडल्याने फायदा होतो, उपचार अधिक चांगले लागू पडतात, दुसरा कॅन्सर होण्याचा धोका कमी होतो. हे सांगण्याने त्याला काही करता येते. दोष दिल्याने तो फक्त तोंड लपवतो, आणि कधी कधी लपूनछपून पुन्हा पुडी सोडतो.

कॅन्सर म्हणजे कॅन्सल?

‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’ अशी एक म्हणच होऊन बसली आहे. निदान कानावर पडले की त्याच दिवशी माणूस मनाने आवराआवर सुरू करतो. हा समज इतका पक्का का आहे, याचा मी बराच विचार केला. माझ्या मते त्याचे एक साधे कारण आहे. कॅन्सरने माणूस गेला की सगळ्या गावाला कळते. माणूस बरा झाला तर मात्र घरचे ती गोष्ट झाकून ठेवतात. मुलीचे लग्न व्हायचे असते, सोयरीक मोडेल अशी धास्ती असते. म्हणजे गावाच्या हिशेबाच्या वहीत मरणे तेवढी लिहिली जातात, बरे झालेले लिहिलेच जात नाहीत. मग नव्या रुग्णाला आशा वाटावी तरी कुठून?

तोंड, स्तन आणि पिशवीचे तोंड या तिन्ही ठिकाणचे कॅन्सर लवकर सापडले तर मोठ्या प्रमाणात बरे होतात. याचा दाखला आपल्या सीमेलाच लागून आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाने १९८७ पासून बार्शी, भूम आणि परांडा या तालुक्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवायला सुरुवात केली. ग्रामीण भागासाठीची ही देशातली पहिली नोंदणी. भूम आणि परांडा म्हणजे आपल्या जामखेड-कर्जतकडच्या लोकांचा रोजचा सोयऱ्याधायऱ्यांचा मुलूख. नोंद करणारे कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये ते सांगितले. या बोलण्यानंतर पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडण्याचे प्रमाण वाढल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसले. त्यासाठी महागडी यंत्रे लागली नव्हती. कॅन्सर म्हणजे शेवट नव्हे, वेळेवर आलात तर इलाज आहे, एवढा विश्वास लोकांना वाटला म्हणून बायका दवाखान्यापर्यंत आल्या.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही रुग्ण असे समजतात, की ऑपरेशन झाले, गाठ निघाली, विषय संपला. मग पुढच्या तपासणीच्या तारखा चुकतात, आणि काही काळाने गाठ परत आली तर दुप्पट धक्का बसतो. ‘तुम्ही बरे झालात, पण काही वर्षे ठरल्या वेळी दाखवत राहायचे’ असे सुरुवातीपासून सांगितले की हा धक्का टळतो. खोटी आशा काही महिने गोड लागते, नंतर तीच विश्वास घालवते.

घराचे काय होईल?

शहरातला रुग्ण बहुधा स्वतःच्या जिवाविषयी विचारतो. खेड्यातला रुग्ण आधी जमिनीविषयी विचारतो. ‘माझ्यापायी वावर विकावं लागंल का?’ हा प्रश्न तो डॉक्टरला विचारत नाही, मुलालाही विचारत नाही. तो फक्त म्हणतो, ‘मला नको औषध, माझं वय झालं.’ घरच्यांना वाटते, म्हातारा हट्टी आहे, खचला आहे. प्रत्यक्षात तो पोरांसाठी दोन एकर वाचवत असतो.

अशा वेळी धीराच्या शब्दांपेक्षा माहितीचा उपयोग होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आधी त्यांना भेटावे आणि काय बसते, काय बसत नाही, हे रुग्णाच्या समक्ष विचारून घ्यावे. येण्या-जाण्याचा, राहण्याचा, बुडालेल्या रोजाचा खर्च होतोच, तो मी नाकारत नाही. पण ‘वावर जाणार’ ही भीती आणि प्रत्यक्ष खर्चाचा आकडा यांत पुष्कळ अंतर असते. आकडा समोर आला की माणूस त्याचा विचार करू शकतो. नुसत्या भीतीचा विचार करता येत नाही, ती फक्त वाढत जाते.

तसेच वेदनेचे. ‘शेवटी फार हाल होतात म्हणे’ ही भीती मरणाच्या भीतीहून मोठी असते. कॅन्सरच्या वेदना कमी करण्याची पायरी-पायरीची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच मांडली, आणि त्याच वर्षी मुंबईत शांती अवेदना सदन हे अशा रुग्णांसाठीचे देशातले पहिले सेवाकेंद्र सुरू झाले. योग्य प्रमाणात मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या तर बहुतेकांच्या वेदना आटोक्यात येतात. कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने हे औषध मिळवण्यातल्या अडचणी कमी करण्याचा प्रयत्न झाला. ‘दुखले तर सांगा, त्यावर औषध आहे’ एवढे एक वाक्य रुग्णाला आधीच ऐकू आले, तर त्याच्या कितीतरी रात्री निभावतील.

मन खंबीर ठेवा म्हणजे काय करा?

पाचवा प्रश्न काबूचा. इथे दोन समजुती घात करतात. पहिली जुनी आहे: गाठीला सुई टोचली, तुकडा काढला किंवा चाकू लावला की कॅन्सर पसरतो. यामुळे माणसे महिनोन् महिने तपासणी टाळतात, लेप लावत बसतात. मग अखेर ऑपरेशन होते तेव्हा आजार आधीच पसरलेला असतो आणि दोष चाकूवर जातो. नीट पद्धतीने केलेल्या तुकड्याच्या तपासणीने कॅन्सर पसरण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. ती तपासणी केल्याशिवाय कोणता उपचार द्यायचा हेच ठरत नाही.

दुसरी समजूत नवी आहे, सुशिक्षितांची आहे आणि ती ऐकायला चांगली वाटते म्हणून जास्त फसवी आहे. ‘मन खंबीर असेल तर कॅन्सर हरतो. रडलात, खचलात, तर तो वाढतो.’ व्याख्यानांतून, पुस्तकांतून आणि आता मोबाइलवरच्या संदेशांतून हे सारखे सांगितले जाते. आतड्याच्या कॅन्सरचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे येत. नेहमी हसतमुख. एकदा मुलगा बाहेर गेल्यावर त्यांनी विचारले, ‘डॉक्टर, रात्री मला रडू येतं. त्याने गाठ वाढत असेल का हो?’ मुलाने प्रेमापोटी बजावले होते, की रडायचे नाही, रडल्याने आजार वाढतो. त्यामुळे या माणसाच्या वाट्याला दोन दुखणी आली. एक आजाराचे आणि दुसरे रडू आल्याच्या अपराधाचे.

या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने दिले आहे. डोके आणि मान यांच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णाची मनःस्थिती चांगली की वाईट, यावरून तो किती जगेल याचा काहीही अंदाज बांधता आला नाही. त्याआधी २००१ मध्ये पसरलेल्या स्तन-कॅन्सरच्या स्त्रियांना गटाने एकत्र आणून मनमोकळे बोलण्याची संधी दिल्याचा प्रयोग कॅनडातून प्रसिद्ध झाला होता. त्या स्त्रियांचे आयुष्य वाढले नाही, पण त्यांची उदासी कमी झाली आणि वेदनाही कमी जाणवल्या. माझ्या मते ही काही लहान कमाई नव्हे. मन सांभाळायचे ते उरलेले दिवस, मग ते सहा महिने असोत की तीस वर्षे, चांगले जावेत म्हणून. गाठ वितळवण्याचे काम मनावर लादू नये.

महाराष्ट्राने दोन मोठी माणसे याच आजाराला सामोरी जाताना पाहिली. शरद पवार यांना २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरने गाठले, उपचार झाले आणि त्यानंतर दोन दशके ते राजकारणात वावरत राहिले. आर. आर. पाटील, आपले आबा, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कॅन्सरने गेले. यावरून पहिल्याची जिद्द जास्त आणि दुसऱ्याची कमी, असे कुणी म्हणेल का? आजाराचा प्रकार, टप्पा, उपचाराला मिळालेला प्रतिसाद यांवर निकाल ठरतो. ‘लढला म्हणून जिंकला’ असे आपण एकाविषयी म्हणतो, तेव्हा गेलेल्या प्रत्येकाविषयी ‘तो कमी पडला’ असे न बोलताही बोलून जातो. गेलेल्यांच्या घरच्यांना ते ऐकू येते.

विचारायचे कसे?

समजुती बदलत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी जामखेडकडे पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले. कुष्ठरोग म्हणजे पाप, अशी समजूत तेव्हा घट्ट होती. त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी वेगळी वस्ती न करता इतर रुग्णांबरोबरच त्यांच्यावर उपचार केले, आणि गावातल्याच, पुष्कळशा निरक्षर बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या बायकांनी भाषणे केली नाहीत. ओळखीच्या घरी जाऊन, ओट्यावर बसून, त्या आधी ऐकून घेत आणि मग सांगत. कॅन्सरच्या बाबतीत आपल्याला हेच करायचे आहे.

रुग्णाच्या जवळच्या माणसाने एखाद्या निवांत वेळी, शक्यतो दोघेच असताना, साध्या शब्दांत विचारावे: ‘आई, हे कशानं झालं असं तुला वाटतं?’ ‘अण्णा, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?’ मग गप्प बसावे. लगेच ‘छे, छे, तसं काही नाही’ असे तोडू नये. पहिल्या दिवशी उत्तर येईलच असे नाही. आले की ते जसेच्या तसे लक्षात ठेवून पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावे. डॉक्टरमंडळींनाही माझी विनंती आहे: तपासणीच्या कागदावर नजर टाकण्याआधी हा एक प्रश्न विचारा. बाहेर रांग असते, वेळ नसतो, हे मला ठाऊक आहे. पण या एका प्रश्नाने पुढच्या भेटींतला पुष्कळ वेळ वाचतो.

नातेवाईक नेहमी खुणेने सांगतात, ‘त्यांना कळू देऊ नका.’ त्यांची माया मला समजते. पण कॅन्सरच्या रुग्णालयाची पाटी वाचता येणारा, रांगेत इतर रुग्णांशी बोलणारा माणूस काही दिवसांत सगळे ओळखतो. मग तो घरच्यांना त्रास नको म्हणून न कळल्याचे नाटक करतो, आणि घरचे त्याला त्रास नको म्हणून. एकाच छपराखाली दोन्ही बाजू एकट्या पडतात. सगळे एका दमात सांगायची गरज नसते. रुग्ण जेवढे विचारील तेवढे, पण खरे सांगावे.

काही वेळा मात्र बोलणे पुरत नाही. सलग दोन आठवडे झोप नाही, कशातच मन नाही, कुणाशी बोलणे नको, ‘जगून काय करू’ असे शब्द तोंडात येतात, अशी लक्षणे दिसली तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर औषधोपचार आहेत. कॅन्सर आहे म्हणजे असे वाटणारच, असे म्हणून सोडून देऊ नये. जीव देण्याची भाषा कानावर आली तर रुग्णाला एकटे ठेवू नये आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा आहे.

शेवटी, जे कॅन्सरमधून बरे झाले आहेत अशा वाचकांना एक सांगणे. तुमच्या गावात आज कुणीतरी नुकताच तपासणीचा कागद हातात घेऊन बसला असेल. त्याच्या घरी जा, त्याच्याशेजारी बसून चहा घ्या आणि तुम्हाला कधी, काय झाले होते ते आजाराचे नाव घेऊन सांगा. आमच्या शंभर सल्ल्यांनी जे होणार नाही, ते तुमच्या नुसत्या तिथे बसण्याने होईल.